संगणक अडतो तेव्हा

मुलांनो, मी तुमच्याएवढा होतो तेव्हाची गोष्ट. २००१ साल होते. आमच्या शाळेत संगणकाची एक खोली होती. खोलीत दोन संगणक, त्यांच्यावर प्लास्टिकची आच्छादने आणि दाराबाहेर चपलांची रांग. आठवड्यातून एकदा आमच्या वर्गाची पाळी येई. एकेका संगणकापुढे आम्ही दहा-बारा जण दाटीवाटीने उभे राहत असू. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळत.

त्या दिवशी माझी पाळी होती. चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये मी एक घर काढत होतो. भिंती झाल्या, दार झाले. छपराला लाल रंग भरायला गेलो, तोच पडद्याच्या मध्यभागी एक करडी चौकट उघडली. तिच्यात तांबड्या वर्तुळात पांढरी फुली होती. शेजारी इंग्रजीत लिहिले होते, की या प्रोग्रॅमने 'इल्लीगल ऑपरेशन' केले आहे आणि तो बंद करण्यात येईल.

'इल्लीगल' हा शब्द मला चांगला ठाऊक होता. आमच्या मोहल्ल्यात विजेच्या चोरट्या जोडण्यांची तपासणी होत असे, तेव्हा तो ऐकू येई. त्यानंतर दंड भरावा लागतो, हेही ठाऊक होते. मी चौकट बंद केली, घर नाहीसे झालेले पाहिले आणि गुपचूप खोलीबाहेर पडलो. घरी आपाला सर्व सांगितले. ती म्हणाली, "तूच काहीतरी दाबलं असशील." पुढचे तीन आठवडे संगणकाच्या तासाला माझे पोट दुखत असे.

माझ्यासारखी पोटदुखी आजही अनेकांना होते. काही मुले तर एकदा असा संदेश पाहिल्यावर संगणकाला पुन्हा हात लावत नाहीत. म्हणून हे प्रकरण आहे तरी काय, ते आपण पाहू.

प्रथम 'बेकायदेशीर' म्हणजे काय? कायदा कोणाचा? हा कायदा सरकारचा नव्हे, शाळेचाही नव्हे. तो संगणकातील प्रोसेसरचा आणि कार्यप्रणालीचा कायदा आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हा संगणकाचा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्रॅम होय. विंडोज, मॅकओएस, लिनक्स ही कार्यप्रणालींची नावे तुम्ही ऐकली असतील. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी यंत्रमाग आहेत. कारखान्यात मुकादम असतो ना? कोणत्या मागाला किती सूत द्यायचे, कोणता माग कधी थांबवायचा, हे तो ठरवतो. कारागिराने परस्पर गोदामात जाऊन सूत उचलले, तर मुकादम त्याला अडवतो. कार्यप्रणालीचे काम असेच असते. चित्र काढणे, पत्र लिहिणे, गाणी वाजवणे ही कामे करणारे प्रोग्रॅम म्हणजे कारागीर. त्यांना स्मृतीतील जागा हवी असते, छपाईयंत्र हवे असते, डिस्कवर काही लिहायचे असते. हे सर्व त्यांनी कार्यप्रणालीकडे मागायचे असते.

संगणकाची स्मृती म्हणजे कोट्यवधी लहान कप्प्यांची एक प्रचंड भिंत आहे असे समजा. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. कार्यप्रणाली प्रत्येक प्रोग्रॅमला काही कप्पे नेमून देते. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाकडून चूक झाली आणि प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या कप्प्यात हात घातला, तर काय होईल? प्रोसेसर तेथल्या तेथे काम थांबवतो आणि कार्यप्रणालीला हाक मारतो. एखाद्या संख्येला शून्याने भागण्याची आज्ञा आली किंवा प्रोसेसरला मुळी न समजणारी आज्ञा आली, तरीही तो तसेच करतो. मग कार्यप्रणाली त्या प्रोग्रॅमला बंद करते, त्याचे कप्पे रिकामे करून घेते आणि आपल्याला तसे कळवते. यालाच प्रोग्रॅम 'क्रॅश' झाला असे म्हणतात.

म्हणजे माझ्या त्या चित्राच्या वेळी नियम मोडला होता तो प्रोग्रॅमने. मी फक्त छपराला रंग देत होतो. हे मला कोणी त्याच दिवशी सांगितले असते, तर माझे तीन आठवडे वाचले असते.

पूर्वी ही व्यवस्था नव्हती. आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली आला. त्यावर मायक्रोसॉफ्टची डॉस ही कार्यप्रणाली चाले. डॉसमध्ये कप्प्यांवर पहारा नव्हता. कोणताही प्रोग्रॅम कोठेही लिहू शके, अगदी डॉसच्या स्वतःच्या कप्प्यांतही. मुकादमाच्या खुर्चीवरच कोणी सूत टाकून दिले, तर तो बसणार कोठे? अशा वेळी संदेशसुद्धा येत नसे. पडदा गोठून जाई आणि कळा दाबून काही उपयोग होत नसे. त्यावर कधीकधी एक उपाय चाले. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या, की संगणक नव्याने सुरू होई. डेव्हिड ब्रॅडली या आयबीएमच्या अभियंत्याने ही युक्ती योजली. प्रथम त्याने डिलीटऐवजी दुसरी कळ घेतली होती. पण त्या तिन्ही कळा एकाच हाताने चुकून दाबल्या जाण्याची शक्यता होती, म्हणून एक कळ मुद्दाम दूर, उजव्या बाजूला नेण्यात आली.

डॉसचा एक संदेश मात्र फार प्रसिद्ध झाला. फ्लॉपी आत घातलेली नसेल आणि तिच्यावरील मजकूर मागितला, तर पडद्यावर प्रश्न येई : 'ॲबॉर्ट, रीट्राय, फेल?' म्हणजे काम सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की काम फसले असे प्रोग्रॅमला कळवू? फ्लॉपी घालून 'रीट्राय' म्हटले, की काम होई. फ्लॉपी न घालता 'रीट्राय' म्हटले, की तोच प्रश्न पुन्हा येई. कितीही वेळा म्हणा. या प्रश्नात काय बिघडले ते थोडेफार कळे, पण माणसाने काय करावे, म्हणजे फ्लॉपी आत घालावी, हे साधे वाक्य मात्र तेथे नसे.

इतर कंपन्यांच्या संगणकांवर वेगळे प्रकार होते. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश १९८४ साली आला. त्याच्या पडद्यावर बिघाडाच्या वेळी वात पेटलेल्या बाँबचे लहानसे चित्र येई. ते सुसान केअर या चित्रकर्तीने काढले होते. चित्र गमतीचे होते खरे, पण संगणक आता फुटेल अशी भीती वाटणाऱ्या माणसाला त्यात गंमत कशी वाटावी? १९८५ साली आलेल्या अमिगा या घरगुती संगणकावर काळ्या पडद्यावर लाल चौकट उघडझाप करी आणि तिच्यात लिहिलेले असे, 'गुरू मेडिटेशन', म्हणजे गुरूचे ध्यान! हा तो संगणक बनवणाऱ्यांचा आपसांतला विनोद होता. विकत घेणाऱ्याला त्याचा अर्थ लागणे अवघडच होते.

पहारा बसवण्यासाठी प्रोसेसरचीच मदत लागते. इंटेल कंपनीने १९८५ साली ८०३८६ हा प्रोसेसर आणला. त्यात कप्प्यांवर पहारा ठेवण्याची आणि कार्यप्रणालीच्या गाभ्याला इतर प्रोग्रॅमांपासून वेगळे ठेवण्याची सोय होती. पण सोय असणे वेगळे आणि तिचा पुरता वापर होणे वेगळे. विंडोज ९५ आणि विंडोज ९८ या कार्यप्रणालींवर डॉसचे जुने प्रोग्रॅमही चालले पाहिजेत, असा आग्रह होता. त्यासाठी गाभ्याचा काही भाग उघडा ठेवावा लागला. घराला भिंती बांधल्या, पण मागचे दार तसेच राहिले, असे म्हणा. त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमच्या चुकीने कधी तो एकटाच बंद पडे, तर कधी सगळा संगणक. २० एप्रिल १९९८ रोजी अमेरिकेत शिकागो येथील प्रदर्शनात स्वतः बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. त्यांच्या सहकाऱ्याने संगणकाला स्कॅनर जोडला आणि हजारो प्रेक्षकांसमोर पडदा निळा झाला. आपण ही प्रणाली अजून विक्रीला का काढलेली नाही याचे हेच कारण असावे, असे म्हणून गेट्स यांनी वेळ मारून नेली. दोनच महिन्यांनी ती विक्रीला आली.

मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटी नावाची वेगळी, पक्क्या भिंतींची प्रणाली काढली होती. पण ती मुख्यतः कचेऱ्यांत आणि कारखान्यांत वापरली जाई. तिच्याच पायावर उभी असलेली विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि पक्क्या भिंती घरोघरी पोहोचल्या. ॲपलनेही त्याच वर्षी मॅक ओएस टेन ही नवी प्रणाली आणून तसाच बदल केला. लिनक्स ही प्रणाली १९९१ साली सुरू झाली तेव्हापासूनच पहाऱ्याची होती. आजच्या संगणकांत एक प्रोग्रॅम कोसळला, तरी शेजारचे प्रोग्रॅम बहुधा चालू राहतात, ते या भिंतींमुळे.

मग तो प्रसिद्ध निळा पडदा अजूनही का दिसतो, असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. प्रोग्रॅमची चूक झाली, तर गाभा त्याला बंद करतो. पण चूक गाभ्यातच झाली तर? छपाईयंत्र, पडदा, ध्वनी यांच्याशी बोलणारे काही लहान प्रोग्रॅम असतात. त्यांना 'ड्रायव्हर' म्हणतात. त्यांपैकी बरेच गाभ्यात बसून काम करतात. तेथे चूक झाली, की कोणता कप्पा बरोबर आणि कोणता बिघडलेला, याचा भरवसा राहत नाही. तसेच काम चालू ठेवले, तर बिघडलेला मजकूर डिस्कवर लिहिला जाईल. तुमची पत्रे, हिशेब, छायाचित्रे सगळीच नासतील.

यंत्रमागावर आडवा धागा तुटला, की माग खट्कन आपोआप थांबतो, हे तुम्ही पाहिले असेल. न थांबता तो चालत राहिला, तर रिकाम्या ताण्यावर ठोके पडत राहतील आणि कापड वाया जाईल. माग थांबला म्हणून माग मोडला असे कोणी म्हणत नाही. कारागीर येतो, धागा जोडतो आणि माग पुन्हा चालू करतो. निळा पडदा हे असेच थांबणे आहे. कार्यप्रणाली स्वतःहून, जाणूनबुजून थांबते. थांबण्यापूर्वी स्मृतीतील काही मजकूर ती डिस्कवर उतरवून ठेवते, म्हणजे काय बिघडले याचा माग पुढे तज्ज्ञांना काढता येतो. (हा 'माग' वेगळा बरे! कापड विणायचा तो माग आणि चोराचा काढतात तोही माग.) पडद्यावरचा लांबलचक क्रमांक त्याचसाठी असतो. त्यात अंकांबरोबर ए पासून एफ पर्यंतची अक्षरे दिसतात, कारण तो दहाच्या नव्हे, तर सोळाच्या पटीतील संख्यालेखनात लिहिलेला असतो.

याचे अलीकडचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा संगणकांचे रक्षण करणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याचा काही भाग विंडोजच्या गाभ्यात बसतो. त्या दिवशी कंपनीने त्यासाठी एक नवी फाइल पाठवली. फाइलप्रमाणे एकवीस गोष्टी वाचायच्या होत्या, पण प्रोग्रॅमच्या हाती वीसच होत्या. एकविसावी वाचायला तो गेला आणि परक्या कप्प्यात शिरला. सामान्य प्रोग्रॅमने हे केले असते, तर तो एकटा बंद पडला असता. हा गाभ्यातला होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळे पडदे दाखवत थांबले. ते पुन्हा सुरू केले, तरी तीच फाइल वाचत आणि पुन्हा थांबत. विमाने खोळंबली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. घरगुती संगणक मात्र बहुतेक वाचले, कारण हा प्रोग्रॅम मुख्यतः मोठ्या संस्था वापरतात. दुरुस्तीसाठी अनेक ठिकाणी माणसाला संगणकासमोर बसून तो 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढेच भाग घेऊन, सुरू करावा लागला आणि ती फाइल हाताने काढून टाकावी लागली.

कोसळणे आणि अडकणे यांतला फरकही ध्यानात घ्या. काही वेळा प्रोग्रॅम नियम मोडत नाही, फक्त उत्तर देत नाही. तो एखादे मोठे काम करत असेल, सावकाश चालणाऱ्या डिस्कची वाट पाहत असेल किंवा त्याच त्या आज्ञा फिरून फिरून पाळत बसला असेल. माउसने केलेली खूण त्याने सुमारे पाच सेकंद घेतली नाही, की विंडोज त्याच्या नावापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग', म्हणजे 'प्रतिसाद देत नाही', असे लिहिते. हे लिहिले म्हणजे प्रोग्रॅम मेला असे नव्हे. विंडोजलाही तो कामात आहे की कायमचा अडकला आहे, हे बाहेरून नक्की सांगता येत नाही. म्हणून ती तुम्हांलाच विचारते, थांबू की बंद करू? काम जतन केलेले नसेल, तर चार-पाच मिनिटे थांबून पाहावे, असे मी म्हणेन. मुले मात्र पाच सेकंदांत दहा वेळा माउस दाबतात.

आता संदेशांच्या भाषेबद्दल थोडे. पडद्यावरील चौकटींत साधारण तीन प्रकारच्या खुणा असतात. निळे वर्तुळ असले, तर ती नुसती माहिती. पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असले, तर तो इशारा. तांबड्या वर्तुळात फुली असली, तर काम फसले आहे. यातील 'इशारा' हा शब्द नीट लक्षात ठेवा. आपल्या उर्दूत इशारा म्हणजे हाताने किंवा डोळ्याने केलेली खूण. मराठीत इशारा म्हणजे धोक्याची सूचना. पोलिसांनी इशारा दिला, असे मराठी वर्तमानपत्रात वाचले, तर पोलिसांनी डोळा मारला असा अर्थ करू नका!

हे संदेश लिहिणारे लोक प्रोग्रॅम लिहिणारेच असत. त्यांना स्वतःला जे कळे, ते ते लिहीत. त्यामुळे कधी गमती होत. कळफलक जोडलेला नसला, तर काही संगणक सुरू होताना सांगत की कळफलकात दोष आहे, पुढे जाण्यासाठी एफ वन ही कळ दाबा. कळफलकच नाही, तर कळ कोणती दाबणार? विंडोज ९८ चा आणखी एक संदेश मला फार लागे. वीज जाऊन संगणक बंद पडला आणि वीज आल्यावर पुन्हा सुरू केला, की तो सांगे : संगणक योग्य रीतीने बंद केला नव्हता, डिस्कमध्ये दोष असू शकतो, हा संदेश पुन्हा पाहायचा नसेल तर नेहमी नीट बंद करत जा. आमच्याकडे त्या काळी रोज भारनियमन असे. वीज मंडळाने केलेल्या कामाचा बोल आम्ही ऐकून घ्यायचो. तपासणी मात्र खरोखर आवश्यक होती. डिस्कवर लिहायचा मजकूर संगणक काही क्षण स्मृतीत जमवून ठेवतो आणि मग एकदम लिहितो. मधेच वीज गेली, तर अर्धा लिहिला जातो, अर्धा राहतो.

एक्सपीपासून आणखी एक सुधारणा झाली. प्रोग्रॅम कोसळला, की 'याची खबर मायक्रोसॉफ्टला पाठवू का?' असा प्रश्न येऊ लागला. अशा लाखो खबरा एकत्र केल्यावर २००२ साली कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी सांगितले, की सुमारे वीस टक्के चुकांमुळे ऐंशी टक्के बिघाड होतात, आणि अर्धे बिघाड तर फक्त एक टक्का चुकांमुळे होतात. म्हणजे थोड्याच चुका दुरुस्त केल्या, तर पुष्कळ लोकांचा त्रास वाचतो. निळ्या पडद्याचे रूपही बदलले. विंडोज ८ मध्ये, २०१२ साली, त्यावर दोन टिंबे आणि एक कंस यांचा दुःखी चेहरा आला. २०२५ साली तो चेहरा गेला आणि निळा रंगही गेला. नव्या विंडोजमध्ये आता पडदा काळा असतो आणि त्यावर थोडा मजकूर असतो. मला तो चेहरा कधीच आवडला नाही. घर जळत असताना शेजाऱ्याने नुसते तोंड वाईट करून उभे राहावे, तसे ते वाटे. आज विंडोज मराठीत आणि उर्दूतही वापरता येते, तरी शाळांतील संगणक बहुतेक इंग्रजीतच असतात. तेव्हा संदेशही इंग्रजीतच येणार.

काम जतन करण्याविषयी मात्र मी स्वतः उशिरा शिकलो. बी. एड. च्या वर्षी मी एका पाठाचे टाचण रात्रभर संगणकावर टाइप केले. एकदाही जतन केले नाही. पहाटे प्रोग्रॅम बंद पडला. वर्डसारखे प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी आपोआप एक प्रत ठेवतात, पण मी ज्या प्रोग्रॅममध्ये लिहीत होतो त्यात ती सोय नव्हती. कार्यप्रणालीने नियमाप्रमाणे त्याचे कप्पे रिकामे केले, आणि माझे टाचण त्याच कप्प्यांत होते. सकाळी मी हाताने लिहिलेली दोन पाने घेऊन वर्गावर गेलो. कंट्रोल आणि एस या दोन कळा तेव्हापासून माझी बोटे न विचारता दाबतात.

आता पुन्हा माझ्या शाळेकडे येऊ. चौथ्या आठवड्यात सरांनी मला व्हरांड्यात गाठले. पोटदुखीची चौकशी केली आणि मग विचारले, "चौकटीत काय लिहिलं होतं?" मी एवढेच सांगू शकलो, की इल्लीगल. बाकीचे वाक्य मी वाचलेच नव्हते. सरांनी मला मुकादमाचे आणि कारागिराचे उदाहरण सांगितले. तेच वर मी तुम्हांला सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वही आणली, तिला भोक पाडून सुतळी ओवली आणि ती संगणकाच्या टेबलाला बांधली. कोणताही संदेश आला, तर तो अक्षरशः त्या वहीत उतरवायचा, त्याआधी काय करत होतो ते एका ओळीत लिहायचे आणि मगच चौकट बंद करायची, असा नियम झाला. पहिली नोंद माझ्याच हस्ताक्षरात होती, तीही तीन आठवडे जुन्या संदेशाची, आठवेल तेवढी.

आता मी शिकवतो त्या शाळेतही अशी एक वही आहे. गेल्या आठवड्यात आठवीच्या एका मुलीने तिच्यात क्रमांकासह पूर्ण संदेश उतरवला आहे. खाली उर्दूत लिहिले आहे, "छपाईयंत्राची तार लावली, तेव्हा झाले. दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा झाले." त्या तारेचा ड्रायव्हर मी उद्या बदलणार आहे.